पोटातला कान

सकाळी नाना मला 'अहो' म्हणाले. चहाचा कप त्यांच्या हातात देताना थोडा चहा त्यांच्या गुडघ्यावर सांडला. मी पुसायला वाकलो, तर घाईघाईने म्हणाले, "असू द्या हो, तुम्ही कशाला त्रास घेता? अहो, बसा ना तुम्ही." आणि पाय जवळ ओढून, परक्या माणसासमोर आवरून बसतात तसे बसले. मी तसाच वाकलेला, हातात ओलं फडकं. नाव विसरले ते मी पचवलं होतं. मध्यंतरी मला ते शाळेतला शिपाई समजायचे, मग काही काळ त्यांचा मेलेला धाकटा भाऊ समजायचे, तेही चालवून घेतलं. धाकट्या भावाच्या वाट्याला तर माझ्यापेक्षा जास्त लाड आले, त्यामुळे तो काळ बरा गेला म्हणायचा. पण त्या सगळ्या सोंगांत मी 'अरे' होतो. अरे, इकडे ये. अरे, दिवा लाव. आपल्या वडिलांनी आपल्याला 'अहो' म्हणणं म्हणजे दार न आपटता घराबाहेर काढणं. मी "बरं" म्हटलं आणि खरंच समोरच्या खुर्चीत बसलो, पाहुण्यासारखा, टोकावर. "चहा छान झालाय," नाना म्हणाले. "घरी सांगा."

कामाला जाताना रस्ताभर तो 'अहो' माझ्याबरोबर चालत होता. नेहमीचाच रस्ता, कोपऱ्यावरचं किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, त्यापुढे पडदेवाला, मग ती लांबलचक भिंत जिच्यावर कधी काही लिहू नका असं लिहिलेलं आहे. मला राग आला होता आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून मी भिंतीवर काढत होतो. ताईने नानांना न्यायला शनिवारची गाडी सांगितली होती. ताई माझ्यापेक्षा मोठी, तिचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि घरातल्या सगळ्या कठीण गोष्टी तिनेच ठरवायच्या हे कधीतरी कुणीतरी ठरवून टाकलेलं. म्हाताऱ्या माणसांना ठेवतात ती जागा ती बघून आली होती. झाडं आहेत, स्वच्छ चादरी आहेत, चोवीस तास माणूस आहे. नाना दोनदा घराबाहेर निघून गेले होते, एकदा गॅस उघडा राहिला होता. तिचं काहीच चुकत नव्हतं. "तू हो म्हण किंवा नाही म्हण," ती म्हणाली होती, "पण तोंड मिटून बसू नकोस, सगळा बोजा माझ्यावर टाकून." मी तोंड मिटूनच बसलो होतो. कारण मला दमल्यासारखं वाटत नव्हतं, मला वेगळंच वाटत होतं, आणि ते ताईला सांगण्यासारखं नव्हतं. तो खुर्चीत बसणारा, नीटनेटका, सभ्य म्हातारा नाना आहे की नाही, एवढाच माझा प्रश्न होता. असेल तर त्याला कुठेही पाठवण्याचा विचारसुद्धा पाप. आणि नसेल, नाना केव्हाच निघून गेले असतील आणि मागे हे कुणीतरी उरलं असेल, तर त्या कुणीतरीने कुठेही राहावं. झाडं आहेत, चादरी आहेत.

मी संग्रहालयाच्या तळघरात, दुरुस्ती विभागात काम करतो. वरच्या मजल्यावर लोक तिकीट काढून येतात, ते वस्तू बघतात. आम्ही खाली वस्तूंची दुखणी बघतो. त्या आठवड्यात माझ्या टेबलावर गाढव होतं. हसू नका, खरंच गाढव होतं. ब्राँझचं, फार जुनं, टेबलावर ठेवलं की पाठ माझ्या छातीला लागेल एवढं. ते खाली आणणारे हमाल दारातूनच ओरडले होते, "साहेब, तुमची सोयरीक आलीय!" आणि मीही हसलो होतो. मग त्यांनी कापड काढलं आणि जायचं सोडून हमालसुद्धा बघत उभे राहिले. आमच्या संग्रहालयात प्राणी पुष्कळ आहेत. सिंह गरजताहेत, घोडे उधळताहेत, हरणाच्या मानेत कुत्र्याचे दात आहेत, प्रत्येक जण काही ना काही करतोय. हे गाढव नुसतं उभं आहे. मागचा एक पाय सैल सोडून खुराच्या टोकावर टेकवलेला, पोट जरा ओघळलेलं, मानेवर दोर घासून केस गेल्याची पट्टी, डोकं खाली. एक कान पुढे, एक मागे. कुणीतरी त्याला इथे उभं करून आत गेलंय आणि अजून आलेलं नाही, आणि येईल की नाही हे त्याने विचारायचं सोडून दिलंय, असं ते उभं राहणं. मी पहिल्या दिवशी हत्यारं मांडून बसलो आणि हत्यार न उचलता बसून राहिलो. काही वस्तूंसमोर माणसाला आपलं बोलणं फार मोठ्याने झाल्यासारखं वाटतं, आपण बोललेलोच नसलो तरी.

हे गाढव करणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही. त्याला आमच्या धंद्यातले लोक 'गाढववाला' म्हणतात, आणि त्याची एक गोष्ट सांगतात, जी शिकाऊ असताना प्रत्येकाने ऐकलेली असते आणि कुणीच खरी मानलेली नसते. गाढववाला लोकांसाठी घंटा ओतायचा, दाराच्या मुठी ओतायचा, त्यावर पोट भरायचं. पण स्वतःचं म्हणून त्याने आयुष्यभर एकच जनावर केलं, आणि ते पुन्हा पुन्हा केलं. त्याच्याजवळ स्वतःची धातूची पुंजी तेवढीच, एका गाढवापुरती. गाढव पुरं झालं की तो ते दारात ठेवायचा, येता-जाता बघायचा, ऋतू बदलेपर्यंत बघायचा. आणि एक दिवस त्याला त्यातलं काहीतरी चुकलेलं दिसायचं. मग तो मेणाचं नवं गाढव करायला घ्यायचा, त्यावर मातीचा साचा चढवायचा, आणि जुनं गाढव घणाने फोडून भट्टीत टाकायचा. मेण वितळून वाहून जायचं, त्याच्या जागी जुनं गाढव वितळून यायचं. लोक म्हणे घ्यायला यायचे, चांगला मोबदला द्यायला तयार असायचे, तर हा म्हणायचा, थांबा, पुढचं याहून बरं होईल. अशी किती झाली देव जाणे. आज आहे ते शेवटचं. शेवटचं म्हणजे सगळ्यांत चांगलं असं नाही, शेवटचं म्हणजे ज्याच्यानंतर तो मेला.

ऐकायला छान, आणि म्हणूनच खोटी वाटणारी गोष्ट. मी तर ती लोकांना हसवायला सांगायचो. आता गाढवाचं दुखणं असं होतं की पोटाखालून हिरवी भुकटी गळत होती. ब्राँझच्या मूर्तीत आत मातीचा गाभा असतो. ती माती मळताना तिच्यात केस, भुसा, शेण घालतात, म्हणजे ओतताना आतली वाफ कोंडत नाही. बहुतेक कारागीर नंतर पोटाखाली भोक ठेवून तो गाभा खरवडून काढतात, याने काढला नव्हता, वर एक पत्रा बसवून बंद केला होता. शेकडो वर्षं ती माती दमट होत राहिली आणि धातूला आतून खात राहिली. पत्रा उघडायचा, माती काढायची, कोरडं करायचं, हे काम. त्याआधी आत काय आहे ते बघायला एक्स-रे काढायचा. तर त्या 'अहो'च्या सकाळी मी तळघरात शिरलो तेव्हा एक्स-रे काढणारा आमचा फोटोवाला फिल्म बघायच्या उजेडाच्या पाटीसमोर उभा होता, कमरेवर हात. हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलतो. म्हणाला, "बघा, तुमच्या गाढवाने कान गिळलाय."

मी बघितलं. करड्या धुरासारखं गाढव, त्यात पायांतल्या लोखंडी सळ्या, आणि पोटाच्या मधोमध, गाभ्याच्या आत, एक लांबट पांढरी आकृती. मुळाशी अरुंद, मध्ये भरलेली, टोकाला निमुळती. पन्हाळीसारखी आत वळलेली. कान. शंकाच नको. फोटोवाला म्हणाला, "ओतताना पडला असेल तुकडा." मी म्हटलं, ओतलेला धातू मातीच्या आत कसा जाईल? माती मळतानाच तो कुणीतरी हाताने ठेवला असणार. मग त्याने पट्टी लावली, मूर्तीचा कान मोजला, पोटातला मोजला, आणि दिवसाचं शेवटचं वाक्य बोलला, "पोटातला मोठा आहे." मला आधी कळलं नाही. मग कळलं आणि मी स्टूल ओढून बसलो. प्रत्येक वेळी धातू वितळवला की थोडा जळतो, थोडा मळीबरोबर जातो, थोडा सांडतो. म्हणजे प्रत्येक गाढव आधीच्यापेक्षा जरा लहान व्हायचं. पोटात आहे तो कान आधीच्या गाढवाचा. ती गोष्ट खरी होती. तो खरंच फोडत होता, खरंच वितळवत होता, आणि माझ्यासमोर जे उभं होतं त्याच्या अंगात ती सगळी गाढवं होती, पहिल्या बेडौल गाढवापासून, एकसुद्धा वाया न गेलेलं. नानांचे शर्टाचे हात हल्ली लांब होतात, मनगटाखाली येतात, मी रोज सकाळी एक घडी घालून देतो, हे मला तिथे, त्या पाटीसमोर आठवलं, आणि का आठवलं म्हणून मी स्वतःवरच वैतागलो.

नाना शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि दुर्दैवाने त्याच शाळेत मी होतो. वर्गात त्यांना 'सर' म्हणायचं अशी घरातून ताकीद होती, आणि वर्गात ते मला 'ए, खिडकीजवळचा' म्हणायचे, म्हणजे कुणी म्हणायला नको की मास्तरांचं पोरगं. त्यांच्या वर्गात फळ्यासमोर एखादी वस्तू ठेवलेली असायची. बादली, बूट, कुणाची तरी सायकल. आम्ही काढायचो. नाना मागून फिरायचे, पायांचा आवाज नसायचा, आणि त्यांना चूक दिसली की कानाला त्यांचा हात लागायचा. ते कान ओढत नसत. ओढणारे मास्तर दुसरे होते. नाना अंगठा कानाच्या खळग्यात ठेवायचे, पहिलं बोट मागे, आणि मुळाशी अर्धा पीळ द्यायचे, किल्ली फिरवावी तसा, आणि सोडायचे. दुखायचं फारसं नाही, पण कान पेटल्यासारखा गरम व्हायचा. "गाढवा, बघून काढ. खोड. परत काढ." बस्स, एवढंच. काय चुकलं ते कधी सांगायचे नाहीत. ते आपणच शोधायचं. एकदा त्यांनी एका मुलाला समोर बसवून आम्हाला फक्त त्याचा कान काढायला लावला, आणि सगळ्यांचे कान चुकले. "कानच का चुकतो?" नाना म्हणाले. "माणूस समोरच्याचे डोळे बघतो, तोंड बघतो. कान कोण बघतो? बघितलेलाच नाही, तर काढणार काय, कपाळ?" घरी त्यांचं स्वतःचं चालायचं ते निराळंच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक झाड दिसायचं, ते ते काढायचे, एकाच कागदावर. काढायचे, खोडायचे, काढायचे. आई म्हणायची, "नवा कागद घ्या की, मेलं काय कागदाला सोनं लागलंय?" नाना म्हणायचे, "हा कागद शहाणा झालाय आता." खोडून खोडून त्या कागदाला लव आली होती, बोट फिरवलं तर मऊ लागायचा. मी ते झाड कधी पुरं झालेलं बघितलं नाही. आता तो कागद कुठे आहे कोण जाणे.

पत्रा निघायला वेळ लागला. घाई करून चालत नाही, जुना पत्रा रुसतो. तो निघाला तेव्हा आतून वास आला. मी पुष्कळ जुन्या मूर्ती उघडल्या आहेत, वास असतोच, कुबट, मातीचा. पण यात जनावराचा वास होता. मातीत केस होते, आखूड, करडे, आणि मला आत्ता सांगतानाही नीट सांगता येत नाही की मी ते चिमट्यात धरून किती वेळ उजेडात बघत राहिलो. त्याच्या दारात जिवंत गाढव बांधलेलं असणार, त्याचेच केस ते, दुसरे कुणाचे असणार? खऱ्या जनावराचे केस मातीत, माती पोटात. मी एक एक चमचा माती काढत गेलो, डबीत भरत गेलो, आणि कानापाशी आलो तेव्हा हत्यार ठेवून दिलं आणि बोटांनी काढला. तो सहज निघाला. पुसून उजेडात धरला. टोकाच्या कडा किंचित ओघळल्या होत्या, भोवती धातू ओतला तेव्हाची धग लागलेली. बाकी अखंड. आणि काय कान होता तो! मूर्तीचा आजचा कान चांगला आहे, थकलेला, समजूतदार. हा कान ऐकत होता. दूरवर आपल्या माणसाच्या पावलाचा आवाज आलाय की काय अशा शंकेने नुकताच वळलेला, मुळाशी तो पीळ, आतली ती शीर. मूर्तीपेक्षा सरस होता. गाढववाल्याला ते कळलं नसेल? नक्कीच कळलं होतं. आख्खं गाढव चुकलं असेल, पण हा कान साधला होता, आणि पुन्हा साधेल याची खात्री नव्हती, आणि तरीही त्याने घण घातला. फक्त घण घालायच्या आधी हा तेवढा कापून घेतला. फळीवर ठेवता आला असता, खिडकीत ठेवता आला असता. त्याने तो मातीत गुंडाळून पुढच्याच्या पोटात ठेवला, जिथे कुणालाही दिसणार नाही, त्याला स्वतःलाही नाही. कुणी सांगेल का, ते कशासाठी? मी विचार करकरून थकलो. पण माझी मान त्या नाव नसलेल्या माणसापुढे आपोआप खाली गेली, टेबलावर कपाळ टेकेपर्यंत, आणि तेव्हा तळघरात कुणी नव्हतं हे बरं झालं.

कानाच्या खळग्यात एक ठसा होता. मेण मऊ असताना लागलेला, मग धातूत उतरलेला, अंगठ्याचा. रेषांसकट. मी माझा अंगठा त्यात ठेवला. मागच्या बाजूला हात फिरवला तर तिथे पहिल्या बोटाची चपटी जागा सापडली. म्हणजे त्याने मेणाची पट्टी केली, डोक्याला चिकटवली, अंगठा आत, बोट मागे, आणि मुळाशी अर्धा पीळ दिला. एका झटक्यात. म्हणून तो कान जिवंत होता. माझी बोटं त्या जागी बसली आणि ती पकड मी ओळखली. ओळखली म्हणजे डोक्याने नाही. माझा डावा कान गरम झाला.

मग संग्रहालयाच्या मुख्य मॅडम खाली आल्या. त्यांच्या डोक्यात काय असणार ते मला माहीत होतं, कान वेगळ्या काचपेटीत, वर दिवा, शेजारी एक्स-रे, लोकांची रांग. मी त्यांच्या हातात कान दिला आणि भांडायची तयारी करून उभा राहिलो. मॅडमनी चष्मा काढला. बाईंना लांबचं दिसत नाही, जवळचं फार बारीक दिसतं. त्यांनी तो इकडून बघितला, तिकडून बघितला, अंगठा ठशात गेला, तसा सगळ्यांचाच जातो. मग म्हणाल्या, "हा परत आत ठेवता येईल?" मी म्हटलं, येईल, कोरड्या मातीत. "मग ठेवा," त्या म्हणाल्या, "छाप घेऊन ठेवा आणि हा आत ठेवा. आपण कोण लागून गेलो बाहेर काढणारे?" आणि चष्मा न लावताच जिना चढायला लागल्या, पहिल्या पायरीला अडखळल्या. मी कानाची छाप घेतली, मेणात दोन कान काढले, एक कपाटासाठी, आणि एक, मॅडमना विचारून, माझ्यासाठी. तो रुमालात गुंडाळून खिशात टाकला. घरी गेलो तेव्हा नानांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या, या. कुणाकडे काम होतं?"

शनिवारी दुपारी ताई आली. ती तिकडच्या खोलीत नानांची बॅग भरायला बसली. त्या जागेचा नियम होता की प्रत्येक कपड्याच्या आत नावाची पट्टी शिवायची, ती तिने आदल्या दिवशीच शिवून ठेवली होती, स्वेटरला, मोज्यांनासुद्धा. नाना खिडकीशी खुर्चीत, शर्टाच्या हाताला मी घातलेली घडी. त्यांना काहीतरी चाललंय हे समजत होतं आणि आपण विचारणं बरं दिसणार नाही असं वाटत होतं, घरचं कार्य असताना परक्याला वाटतं तसं. ताई मध्येच दारात येऊन माझ्याकडे बघायची. तिच्या डोळ्यांत तोच प्रश्न, हो की नाही, आणि मी तोंड मिटून. मग मी खिशातून रुमाल काढला. का काढला? ताई नंतर म्हणाली, तू ठरवून केलंस. देवाशपथ, काही ठरवलं नव्हतं. मला नुसतं कुणाला तरी दाखवायचं होतं. इतके दिवस छाती भरून आली होती आणि ज्याला दाखवावं असा माणूस मला आयुष्यात एकच मिळाला होता.

"हे काय आहे?" नानांनी विचारलं. "कान आहे." "ते दिसतंय हो. कुणाचा?" "गाढवाचा." नानांनी मान हलवली, तो हातात घेतला, खिडकीच्या उजेडात तिरपा धरला. अंगठा खळग्यात गेला. बोट मागे गेलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं जे मी फार दिवसांत बघितलं नव्हतं, म्हणजे ते बघत होते. हल्ली त्यांची नजर वस्तूंवरून घसरून जायची, ती थांबली होती. "ज्याने केलाय त्याला येत होतं," ते म्हणाले. "मुळाशी पीळ बरोबर आहे. लोक तिथेच चुकतात." मग कान माझ्यासमोर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, नीट, उजेड एका बाजूने येईल असा, आणि म्हणाले, "काढा बघू तुम्ही." मी फोनजवळचा कागद आणला, पेन्सिल आणली, त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसलो आणि काढायला लागलो. माझा हात काही वाईट नाही. हाच माझा धंदा आहे, तडे, झीज, मोडलेल्या कडा रोज काढतो. बाहेरची रेघ आली, टोक आलं, मी मुळापाशी आलो आणि सराईतपणे, न बघता, एक वळण मारून दिलं.

डाव्या कानाला हात लागला. अंगठा खळग्यात, बोट मागे. बोटं थंड होती आणि किंचित थरथरत होती, पण पीळ थरथरला नाही. अर्धा, मुळाशी, किल्ली फिरवावी तसा. "गाढवा," नाना म्हणाले, "बघून काढ. खोड. परत काढ."

मी हललो नाही. हललो तर मोडेल, असं वाटलं. कान पेटला होता आणि तो पेटलेला भाग गालावर, मानेवर उतरत होता, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी कागदावर पडत होतं, आणि तोंडाने मी हसत होतो, लहानपणी हसायची हिंमत नव्हती तेवढं. होते. नाना आत होते. किती वेळा फोडलं गेलं, किती लहान होत गेलं ते सगळं, पण हा एवढा वितळला नव्हता, कुणालाही दिसणार नाही अशा जागी ठेवलेला, त्यांना स्वतःलाही न दिसणारा. दारात ताई उभी होती, हातात स्वेटर. तिने ऐकलं होतं. तिच्या कानाची पाळी तिने आपोआप हातात धरली होती, तिलाही प्रसाद मिळालेला होताच. "मी गाडीवाल्याला नको म्हणून सांगते," ती म्हणाली, आवाज सांभाळत. "आज नको म्हणून सांगू की नकोच म्हणून सांगू?" "नकोच," मी म्हटलं. मग निदान एक गोष्ट तरी आपण ठरवायलाच हवी अशा सवयीने ती म्हणाली, "दिवसा मात्र कुणीतरी माणूस ठेवायचा हं, गॅसचं मी काही ऐकणार नाही." मी म्हटलं, ठेवू. तिने स्वेटर डोक्यावरून ओढून स्वतःच घातला, रडताना चेहरा झाकायला असावा, तिकडच्या खोलीत गेली, आणि बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

नाना खिडकीबाहेर बघत होते. तिथे झाड नाही, समोरच्या इमारतीचा जिना आहे. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं, खाली बसलेल्या माझ्याकडे, आणि ते संकोचले, पाय जवळ घेतले. नजर पुन्हा घसरायला लागली होती. "अहो," ते काळजीने म्हणाले, "तुमचा कान केवढा लाल झालाय. काही चावलं की काय?"

"नाही," मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी पिळला."

"असं होय." त्यांनी विचार केला. कट्ट्यावरच्या कानाकडे बघितलं, माझ्या कागदाकडे बघितलं. "मग तुमचंच चुकलं असेल काहीतरी."

"हो," मी म्हटलं, आणि खोडायला लागलो.